सगळ्यांना पटकन ठरवता येतं, मलाच का नाही?

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, मी २८ वर्षांची, मूळची लातूर जिल्ह्यातली, पुण्यात आयटीत आहे, वाकडला दोन मैत्रिणींसोबत भाड्याने राहते. हातात ६२,००० येतात, घरी १२,००० पाठवते, सेव्हिंग सगळं मिळून ६ लाख आहे. प्रॉब्लेम असा की मला काहीच ठरवता येत नाही. स्कूटर ९ वर्षांची झालीय, मेकॅनिक म्हणतो इंजिनचं काम निघालंय, ११,००० होतील, करू की नवी घेऊ? पुनावळेला ६० लाखाचा फ्लॅट बघितला, बांधकाम चालू आहे, सेल्सवाला रोज फोन करतो की रविवारपर्यंत ५१,००० टोकन दिलं तरच हा रेट. आईबाबांसाठी एसी घ्यायचाय, तीन स्टार की पाच स्टार कळत नाही. साधा मिक्सर कार्टमध्ये पडून आहे कधीचा. व्हिडिओ बघते तर प्रत्येकाचा नियम वेगळा, कोणी ५०-३०-२० म्हणतं, कोणी ईएमआय ४० टक्के, कोणी सहा महिन्यांचा फंड. आईला विचारलं मीठ किती तर म्हणते अंदाजाने. बाबांना विचारलं पेरणी कधी तर एका मिनिटात सांगतात, अजून नाही. सगळ्यांकडे कॉमन सेन्स आहे, माझ्याकडेच नाही का? काहीतरी साधे ठोकताळे द्या ना."

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रातच तुझं उत्तर आहे, फक्त तू ते आईबाबांचं कौतुक म्हणून लिहिलंस आणि पुढे गेलीस. आई अंदाजाने मीठ टाकते आणि बाबा एका मिनिटात पेरणीचं सांगतात, या दोन गोष्टी तुला सारख्या वाटल्या, पण त्या अजिबात सारख्या नाहीत, आणि त्यांच्यातला फरक नीट कळला की तुझे निम्मे प्रश्न सुटतात. म्हणून आधी तिथेच थांबते जरा.

आईचं बघ. ज्वारीच्या पिठात पाणी किती हे ती मोजत नाही कारण ती रोज भाकरी करते, आणि पाणी कमी पडलं तर थापतानाच कडा चिरतात, म्हणजे चूक झालेली दोन मिनिटांत कळते आणि पुढची भाकरी सुधारते. जुनं पीठ असेल तर ती न सांगता उकळतं पाणी घेते. असं वर्षानुवर्षं झालं की हाताला कळायला लागतं, आणि तो अंदाज खरंच भरवशाचा असतो, कारण त्यामागे हजारो भाकऱ्या आहेत आणि प्रत्येक भाकरीने तिला लगेच बरोबर की चूक ते सांगितलंय.

बाबांचं तसं नाही. पेरणी वर्षातून एकदा होते, आणि चुकली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाणं परत, खत परत, मजुरी परत आणि हंगामाचे दिवस गेले ते गेलेच. त्यामुळे तिथे कोणी शहाणा शेतकरी नुसत्या अंदाजावर जात नाही. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, आणि त्या आकड्याच्या आधीपासून गावात वीतभर ओल बघायची पद्धत आहेच. मूठभर माती दाबून गोळा करायचा, वरून सोडायचा, फुटून मोकळा झाला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला, चिखलासारखा चिकटून राहिला तर अजून नाही. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवतात ते मोजायचे, सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो, कमी उगवले तर त्या हिशोबाने बियाणं वाढवायचं. आणि थांबायचं म्हणून ऑगस्टपर्यंत थांबायचं असंही नाही, सोयाबीनसाठी जुलैचा मध्य ही साधारण शेवटची वेळ धरतात. म्हणजे बाबा जेव्हा एका मिनिटात "अजून नाही" म्हणतात तेव्हा ते त्या मिनिटात ठरवत नसतात, त्यांनी कशाची वाट बघायची हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं आणि फोनवर ते फक्त पाऊस तेवढा झाला का एवढंच तपासतात.

आता तू काय करतेयस बघ. मिक्सरसाठी, जो महिनाभर वापरला की कळेल बरा आहे का आणि वाईट निघाला तर दोन-चार हजाराचं नुकसान, तिथे तू बाबांसारखी मोजमापं लावतेयस. आणि फ्लॅट, जो बहुतेक लोक आयुष्यात एकदा घेतात आणि चूक झालेली कळायला पाच वर्षं लागतात, तिथे "मन काय म्हणतं" यावर आलीयस (पत्रात पुढे तू लिहिलंयस की तिथली हवा छान वाटली, बाल्कनीतून डोंगर दिसतो, ते मी वर कापलं). हे उलटं कर. जे रोज करतेस आणि ज्याचा रिझल्ट लगेच दिसतो तिथे अंदाजावर जा आणि मोकळी हो. जे क्वचित होतं, महाग आहे आणि परत फिरता येत नाही तिथे आधी आकडा ठरव, मग बाल्कनी बघ. मला विचारशील तर माझ्याकडे देण्यासारखा ठोकताळा हा एवढाच आहे, बाकीचे सगळे याच्याच पोटात येतात.

फ्लॅटचं आत्ताच बसून करू, कारण रविवार जवळ आलाय.

६० लाखाचा फ्लॅट ६० लाखाला पडत नाही. या किमतीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख (पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नसतो, हे लक्षात ठेव, दोन घरांची तुलना करताना लोक हे विसरतात). पुणे-पिंपरीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, घर फक्त तुझ्या नावावर म्हणजे बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट, म्हणून ६ टक्के, ३ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. झाले ६ लाख ९० हजार. आता कर्ज, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखाच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन धरत नाहीत. म्हणजे १२ लाख तुझे, अधिक ते ६ लाख ९०. एकूण १८ लाख ९० हजार स्वतःच्या खिशातून, आणि यात पार्किंग, सोसायटीचा मेंटेनन्स ॲडव्हान्स, पंखे-दिवे-किचन ट्रॉली काहीच धरलेलं नाही. म्हणून माझा नियम असा आहे की घराच्या किमतीच्या साधारण ३० टक्के रोख हातात नसेल तर साइट बघायलाच जायचं नाही, कारण बघितलं की मन बसतं, आणि मन बसलं की माणूस उरलेले पैसे पर्सनल लोनने आणि बाबांच्या एफडीने उभे करतो. तुझ्याकडे ६ लाख आहेत. आणि तेही सगळे मोकळे नाहीत, ते पुढे सांगते.

हप्त्याचं बघ. २० वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्याने धरलं तर लाखामागे साधारण ८७० रुपये हप्ता बसतो, हा आकडा पाठच करून ठेव, कुठल्याही सेल्स ऑफिसात मनातल्या मनात करता येतो. ४८ लाखाचा हप्ता झाला जवळजवळ ४१,७००. तुझ्या हातात ६२,००० येतात, त्यातले १२,००० घरी जातात, म्हणजे उरले ८,३०० आणि त्यात पेट्रोल, जेवण, फोन, आणि ताबा मिळेपर्यंत वाकडचं भाडं. (कर्ज बांधकामाच्या टप्प्याने सुटतं म्हणून सुरुवातीला पूर्ण हप्ता नसतो, सेल्सवाला हे नक्की सांगेल, पण ते काही वर्षांपुरतं.) आणि ते ८७० गुणिले २४० महिने केलं की एका लाखाचे २ लाख ८ हजारांच्या वर फेडतो आपण.

"ईएमआय ४० टक्के" हा जो नियम तू ऐकलास तो वाईट नाही, फक्त तो ६२,००० वर लावायचा नाही. घरी पाठवतेस ते १२,००० आधी बाजूला काढ, ते तुझे खर्चायचे पैसे नाहीतच, राहिले ५०,०००, त्याचे ४० टक्के २०,०००, भागिले ८७०, म्हणजे साधारण २३ लाखांचं कर्ज तुला आज झेपतं. २३ आणि ४८. म्हणून हा फ्लॅट नाही, आत्ता नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय कारण तुझ्या पत्रात त्या घराविषयी किती ओढ आहे ते दिसतं, पण हा हिशोब सेल्सवाल्याने करून दिला नाही तर कोणीतरी करून द्यायला हवा ना.

पुढे कधी तयारी झाली आणि परत घर बघायला लागलीस तर दोन गोष्टी. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, पूर्ण लागू आहे, आणि त्यानुसार रजिस्टर्ड करारनामा केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जाहिरातीवर महारेराचा नंबर आणि क्यूआर कोड असायलाच हवा, तो स्कॅन करून ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकललीय, किती फ्लॅट विकले गेलेत, कोर्टात काही चालू आहे का हे सगळं घरबसल्या दिसतं. दुसरं म्हणजे किंमत विचारताना कार्पेट एरियावर, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर विचार, कायद्याने विक्री त्याच्यावरच व्हायला हवी, जिना-लिफ्टचा वाटा धरून मोठा दिसणाऱ्या "सुपर बिल्टअप"चं बोलायला लागले की थांबवायचं.

आणि "रविवारपर्यंतच हा रेट". कोणी घाई लावली की निदान एक दिवस आणि एक रात्र मध्ये जाऊ द्यायची, हा नियम मी कितीतरी जणांना सांगितलाय आणि कोणाचं त्याने मोठं नुकसान झाल्याचं अजून ऐकलं नाही. चांगला व्यवहार सोमवारीही चांगलाच असतो. टोकन देण्याआधी "काही कारणाने नाही घेतला तर टोकन किती दिवसांत आणि किती कापून परत" हे लेखी माग, नुसतं व्हॉट्सॲपवर नको, लेटरहेडवर. यावर समोरचा कसा बोलतो त्यावरून पुढचं बरंच कळतं.

आता तुझं ५०-३०-२०. पगाराचे निम्मे गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. हा नियम अमेरिकेत तयार झाला, आणि तिथल्या कमावत्या माणसाच्या हिशोबात दर महिन्याला आईवडिलांना पैसे पाठवणं, भावाची फी भरणं, गावाकडच्या लग्नात आहेर करणं हे बसवलेलंच नाही. तो तुला बसत नाही म्हणून तू उधळी ठरत नाहीस. मी तुला त्यातलं एकच ठेवायला सांगेन, पगार झाला की पहिल्या दोन दिवसांत बचत आपोआप कापली जाऊ दे, आरडी असो की एसआयपी, आणि राहिलेल्यात महिना काढ. टक्का कितीचा ते तुझ्या घरच्या परिस्थितीवर, १५ ने सुरू कर, पगार वाढला की वाढीतला निम्मा भाग तिकडे वळव. त्याला व्हिडिओची गरज नाही.

सहा महिन्यांचा फंड मात्र हवाच, आणि आयटीत तर हवाच हवा, तुझ्या आजूबाजूला काय चाललंय ते तू माझ्यापेक्षा जास्त बघतेस. पण तो पगारावर नाही, खर्चावर मोजायचा. घरचे धरून तुझा खर्च ४०,००० असेल तर २ लाख ४० हजार, आणि हे पैसे शेअर बाजारात नाही, एफडी किंवा सेव्हिंगमध्ये, उद्या सकाळी काढता येतील असे. म्हणजे तुझ्या ६ लाखांतले मोकळे साडेतीन लाखांच्या आसपास. आणि एफडीवरून सांगते, एका बँकेत एका माणसाचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो, ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी तो फक्त १ लाख होता. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला लोकांना खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते, मुंबईत म्हाताऱ्या माणसांच्या रांगा लागल्या होत्या, आयुष्याची पुंजी एका ठिकाणी ठेवलेली माणसं होती ती. त्यामुळे गावाकडे बाबांचे पैसे एकाच पतसंस्थेत असतील तर पुढच्या वेळी गेलीस की त्यांच्याशी बोल, पतसंस्थेला तर हा ५ लाखांचा विमाही नसतो, तो बँकांना असतो. शांतपणे बोल, त्यांचे तिथल्या लोकांशी वर्षांचे संबंध असतात, एकदम "काढा" म्हटलं तर दुखावतात.

स्कूटर. लोक म्हणतात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की विकून टाका. तुझ्या ९ वर्षांच्या स्कूटरला आज २०-२२ हजार येतील असं धरलं तर ११,००० बरोबर निम्म्यावर येऊन बसतात, म्हणून तू अडकलीस. पण बघ, एखादा नियम अगदी सीमेवर येऊन थांबतो तेव्हा त्याचा अर्थ असा की दोन्ही बाजूंनी फार फरक पडणार नाही, मग तिथे अजून पंधरा दिवस विचार करून काय मिळणार? आणि तो निम्म्याचा नियम मला आपल्याकडे तसाही कडक वाटतो, आपल्याकडे मेकॅनिकची मजुरी अजून परवडते. मी असं बघेन की ११,००० घालून गाडी अजून किती चालेल. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे कागदावर ६ वर्षं बाकी आहेत. समजा दोनच वर्षं नीट चालली, तरी महिन्याला साडेचारशे-पाचशे रुपये पडले. नवी लाखाच्या आसपास जाते, त्याचा हप्ता तीन वर्षं धरला तर महिन्याला तीन हजारांच्या वर, शिवाय पहिल्याच दिवशी किंमत उतरते. तुझ्या जागी मी काम करून घेईन. फक्त आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखव, पहिल्याने काय सांगितलं ते न सांगता, खर्च पार्टनुसार लिहून घे आणि काढलेले जुने पार्ट परत माग. आणि दुसऱ्या मेकॅनिकने चेसिसला गंज किंवा क्रॅक आहे असं सांगितलं तर मात्र सगळा हिशोब बाजूला, ती गाडी सोडायची. ब्रेक, टायर आणि हेल्मेट यांच्या बाबतीत पैशाचं गणित करायचंच नाही.

तोपर्यंत क्रेडिट कार्डवर "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली नुसती किमान रक्कम भरून हे ११,००० ढकलू नकोस. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की पैसे किती काळात दुप्पट होतात ते निघतं. एफडी ७ टक्क्याने असेल तर १० वर्षांच्या थोडं वर. कार्ड महिन्याला साडेतीन टक्के लावतं, तिथे ७२ भागिले साडेतीन म्हणजे २० महिन्यांत कर्ज दुप्पट. एवढी एक गोष्ट शाळेत शिकवली असती तर कितीतरी घरं वाचली असती.

मिक्सर आज रात्री घेऊन टाक. ७५० वॅट, तीन भांडी, वाकड-हिंजवडीत सर्व्हिस सेंटर, हे तीन बसले की पहिला दिसेल तो. रेटिंगमधलं ४.१ आणि ४.३ यात काहीही अर्थ नसतो.

आता तू विचारलं नाहीस तरी एक सांगणारच, कारण वर मी सगळीकडे "हे बघ, ते मोज" म्हणतेय, पण काही जागा अशा आहेत की तिथे विचार करत बसणं हाच धोका असतो. तिथे नियम मोडायचाच नाही, समोरचा कितीही बरोबर वाटला तरी. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. "डिजिटल अरेस्ट" असा प्रकार आपल्या कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला तरी फोन कट करायचा. पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, जितका लवकर तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. हे आईबाबांना पण सांग, आणि नुसतं सांगू नकोस, एकदा करून दाखव. तब्येतीचंही तसंच. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं तर "सकाळपर्यंत बघू" नाही, हा लकव्याचा झटका असू शकतो आणि मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शेतात साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरा मारायचा नाही, मांत्रिक नाही, पाय न हलवता थेट १०८ किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना, लस तिथे असते. लातूरकडे पावसाळ्यात याचं महत्त्व तुला मी काय सांगू.

राहिला एसी. स्टारचं लेबल नीट वाचलंस तर त्यावर वर्षाला किती युनिट जळतील ते छापलेलं असतं, पण तो आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. आईबाबा एसी किती लावणार? एप्रिल-मे, दुपारचे दोन-तीन तास आणि रात्रीचे थोडे, मी दिवसाला ६ तास धरते, म्हणजे ६० दिवसांचे ३६० तास, आणि खरं सांगायचं तर बिलाच्या भीतीने ते त्याहून कमीच लावतील. समज तीन आणि पाच स्टारच्या लेबलमध्ये २५० युनिटचा फरक दिसला, तर ३६० तासांत तो फरक ५६ युनिटचा होतो, युनिटला १२ रुपये धरले तरी वर्षाला पावणेसातशेच्या आत. पाच स्टारला ८,००० जास्त मागत असतील तर ते वसूल व्हायला १२ वर्षं. तीन स्टार घे. तूच पुण्यात रोज रात्री वर्षभर लावणार असतीस तर मी उलटं सांगितलं असतं, म्हणून दुकानदाराचं "पाच स्टार म्हणजे बचत" हे सगळ्यांसाठी खरं नसतं.

खोली १२० चौरस फुटांपर्यंत असेल तर १ टन, १८० पर्यंत दीड टन, पण वर डायरेक्ट स्लॅब तापत असेल किंवा पत्रे असतील तर एक पायरी वरचा घ्यावा लागतो, आणि पत्र्याच्या खाली आधी सीलिंग करून घेतलं तर एसीवरचा भार कमी होतो. २४ वर लावायची सवय लावून दे, एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं वीज बचतीचं सरकारी खातं सांगतं, आणि सोबत पंखा चालू ठेवायला सांग. गावाकडे व्होल्टेज वरखाली होतं त्यामुळे स्टॅबिलायझर घेच, "यात इनबिल्ट आहे" म्हणाले तर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत ते विचार आणि संध्याकाळी मोटारी चालू असताना घरात किती व्होल्टेज येतं ते वायरमनकडून मोजून घे. तो आलाच आहे तर अर्थिंग पण तपासून घे, आणि एसीसाठी मीटरपासून वेगळी वायर आणि एमसीबी टाकून मग कंपनीच्या माणसाला फिटिंगला बोलव.